खडूची रेघ

चौदा तारीख, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी बैठक आटोपली असेल, देशोदेशीचे तज्ज्ञ आपापल्या घरी पांगले असतील. इकडे सगळं ठीक. भूक लागते, झोप येते, आवाज फाटका होता तो तसाच आहे.

थायरॉईडच्या गाठीसाठी ते किरणोत्सारी आयोडीन घेतल्यापासून मी घरात पाहुणी आहे. किरणांपासून माणसांना जपायचे नियम तुमची समिती ठरवते, आणि ते ह्यांनी ब्रह्मवाक्य मानले. लहान मुलांपासून दूर राहायचं म्हटल्यावर टेप आणून, अंतर मोजून माझ्या खोलीच्या दाराबाहेर खडूने रेघ ओढली. तुमच्या नियमांत पेशंट वेगळा, कर्मचारी वेगळा आणि उरलेली सगळी जनता. म्हणजे आमची एवढीशी लेक ढमी जनता! ही जनता रेघेपलीकडे उशी टाकून बसायची आणि मी औषध घेतलं का, म्हणून मला दटावायची.

रोज ती पायाने रेघ पुसून थोडी आत सरकायची. तळवे पांढरे व्हायचे आणि चोर सापडायचा. आम्ही दोघीही हसायचो.

ताई, आता खरं लिहिते. डॉक्टरांनी तपासून मला गेल्या आठवड्यातच मोकळं केलं. घरी मात्र मी सांगितलं की अजून थोडे दिवस थांबायचंय. हल्ली रेघ मीच ओढते, ढमी उठायच्या आधी. डॉक्टर बरोबर आहेत, तुमच्या नियमातला दिवसांचा आकडाही बरोबर आहे, कळतं गं मला. पण तिच्याकडे हात गेला की वाटतं, माझ्या अंगातलं कणभर जरी तिला लागलं तर? मग हात मागे येतो. फार भीती वाटते.

काल तिने रेघ पुसली नाही. उशीही आणली नाही. बाहेर ह्यांना हळूच विचारत होती, "बाबा, आईला मी नको झालेय का?"



मला नियमाचं कलम पाठवू नकोस, ते पाठ आहे. तू समितीतली कुणी नसतीस, माझ्यासारखी नुसती आई असतीस, तर घेतलं असतंस का पोरीला जवळ? हे विचारायलाच पत्र लिहायला बसले होते. पण तुझं उत्तर येईपर्यंत ती थांबेल, मला नाही वाटत.

ढमी उठलीय. पावलं ऐकू येताहेत आणि आज रेघ ओढायची राहिलीय. पाकीट फुगीर लागलं तर घाबरू नकोस, आत खडू आहे. तो आता तुझ्याकडेच ठेव.

पोरीला उचलायला निघालेली,
तुझी धाकटी