डाव्या पायाचा क्लच

दिल्ली

तीर्थरूप आण्णा,

शंभूचा लांबूनच वाकून नमस्कार. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत न्हाय म्हणून लिहितोय. आक्कानं वाचून दाखवावं. मी बरा हाय, जेवण वेळेवर हाय. आईचा गुडघा कसा हाय?

परवा माझं लई हसं झालं. इथं विमानतळावर एक विमान उतरलं आन् दोन्हीकडून बंब त्याच्यावर पाणी मारायला लागले. मला वाटलं आग लागली! सफाईची बादली घेऊन पळालो. आमचा लातूरचा मुकादम वरडला, "येड्या, निरोप हाय त्यो! जुनी विमानं मोडीत निघालीत." तुमच्या शेवटच्या फेरीला वाशीच्या स्टँडवर एसटीला हार घातला, तसंच की.

झाडायला आत गेलो, तर पायलट सबनीस साहेब खुर्चीतच. म्हणाले, "शंभू, केस काळे होते तेव्हापासून हेच चालवलं. आता नव्या विमानासाठी पुन्हा शाळा. नंबर लागेपर्यंत घरी."

मी म्हणलं, "मीबी सातवीत दोनदा बसलो साहेब, काय होत न्हाय." लई हसले, पण उठले न्हाईत.

आमची टोळीबी जुन्या विमानांचीच. नव्यांचं काम दुसऱ्या ठेकेदाराला गेलंय म्हणतात. तुम्ही घोर लावून घेऊ नका. दोन ठिकाणी विचारलंय. मला नुसतं बसवतच न्हाय.

आण्णा, रिटायर झाल्यावर तुम्ही बाजेवर बसून डाव्या पायानं क्लच दाबायचात, आमी हसायचो. ती सवय कशी गेली? साहेबांना सांगायचंय.

उत्तर लवकर धाडा. खोली आमच्या ठेकेदाराची हाय, पत्ता कधी बदलंल सांगता येत न्हाय.

तुमचा,
शंभू