गोळीचा रकाना

बाबा, तुमची नात आता अकरा वर्षांची आहे. तुम्ही गेलात त्यानंतर तीन वर्षांनी ती झाली, त्यामुळे तुम्हाला ती माहीत नाही. दीड वर्षापासून तिचं डोकं दुखतं. आधी महिन्यातून दोनदा दुखायचं, मग आठवड्यातून दोनदा, आणि या हिवाळ्यात जवळजवळ रोज. आम्ही इथे अमरावतीत डोळे तपासले, चष्मा लागला, दुखणं थांबलं नाही. नाक-कान-घसा झालं, दातांचं झालं, रक्त झालं. डोक्याचा फोटो काढला. त्यावर नॉर्मल लिहून आलं तेव्हा ह्यांनी पेढे आणले. मला आनंद व्हायला हवा होता. एक कारण कमी झालं, एवढंच वाटलं.

मी वाचत होते. मी शिकवते त्या शाळेत मधल्या सुट्टीत, भाजी शिजेपर्यंत, बसस्टॉपवर, मोबाइलवर सापडेल ते वाचायचे. चॉकलेट बंद केलं, चीज बंद केलं. मग कुठेतरी वाचलं म्हणून संत्री बंद केली, तीही ऐन मोसमात. शेजारून पिशवी भरून आली तर मी ती परत पाठवली. सासूबाई म्हणाल्या, "पोरीले नजर लागली आहे, तू मोबाइलमंदी काय पाहून राहिली?" त्यांनी मीठमोहरी ओवाळली. मामेसासऱ्यांनी परतवाड्याहून कसलीशी मुळी आणली, ती मी उगाळून कपाळाला लावली. आणि मी एक वही केली. तारीख, वेळ, डाव्या बाजूला की उजव्या, काय खाल्लं, किती झोपली, ऊन होतं का, पेपर होता का. रकाने पट्टीने आखलेले. दर तासाला विचारायचे, "दुखून राहिलं का?" एक दिवस ती म्हणाली, "मम्मी, तू विचारलं की दुखते."

तुम्हाला तो दिवस आठवत असेल की नाही, माहीत नाही. मी पाचवीत होते. सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्या दवाखान्यात घेऊन जायचा. तुम्ही तिथले कंपाउंडर. मी काउंटरमागे स्टुलावर बसून औषधाच्या बाटल्यांवर चिकटवायच्या कागदी पट्ट्या कापायचे, एका डोसाला एक खाच. तुम्ही डॉक्टरांकडे आत गेला होता आणि एक भाजीवाली आली. डोकं धरून म्हणाली, "दे वं माय एक गोळी, लय दुखून राहिलं." कोणत्या बरणीतली द्यायची ते मी रोज पाहत होते. दिली. तुम्ही बाहेर आल्यावर मी कौतुकाच्या आशेनं सांगितलं. तुम्ही चप्पल न घालता गल्लीत धावलात. तिला परत आणलंत, बाकावर बसवलंत, पाणी दिलंत, विचारलंत. ती आदल्या दिवसापासून जेवली नव्हती. तुमच्या डब्यातली भाकर तिने तिथेच खाल्ली. ती गेल्यावर तुम्ही माझ्याकडे न बघता बोललात. "तुले कोनी सांगतलं गोळी द्याले? जेवली का म्हणून विचारलं का तिले? गोळी देनं सोपं आहे. म्हनूनच ते आखरीले करा लागते." त्यानंतर कितीतरी दिवस तुम्ही मला दवाखान्यात नेलं नाही.

उन्हाळा लागताना कोणीतरी अकोल्यातल्या मेंदूच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. आम्ही सकाळच्या गाडीने गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझी वही पहिल्या पानापासून वाचली, घाई केली नाही. मला वाटलं, शाबासकी देतील. ते म्हणाले, "फार नीट लिहिलंय. पण यात गोळीचा रकाना नाही. दुखल्यावर काय देता?"

मी गोळीचं नाव सांगितलं.

"आठवड्यातून किती दिवस?"

मी म्हणाले, चार. मग म्हणाले, पाच. लेक मध्येच म्हणाली, "पेपर असला की दुखायच्या आधीच देते मम्मी." ह्यांनी तेव्हा फोन आला म्हणून बाहेर जायला दार उघडलं होतं, त्यांनी ते ऐकलं नाही. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. मूळ दुखणं अर्धशिशीचं. पण इतक्या गोळ्या इतके महिने घेतल्या की गोळीच डोकं दुखवायला लागते. गोळी पूर्ण बंद करायची, पहिले पंधरा दिवस जास्त दुखेल, धीर धरायचा. मी मान हलवली. गोळी देण्याचं खरं कारण मला तिथेच आठवलं होतं, तेही सांगते. मला प्रार्थनेच्या आत शाळा गाठायची असायची. तिने डोळे बारीक केले की मी पर्समधली गोळ्यांची पट्टी काढायचे.

सुट्ट्या लागल्या आणि आम्ही गोळी बंद केली. चौथ्या दिवशी ती दुपारभर उलट्या करत होती. पडदे लावलेले, कूलर चालू, मी तिच्या पायाशी बसलेली. "मम्मी, एक दे ना. अर्धी दे." मी तिच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली. मला काहीच वाटत नव्हतं, बाबा. कूलरमध्ये पाणी कमी झालंय, हे मात्र आवाजावरून कळत होतं. नवव्या दिवशी सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "माय आहेस का कोन आहेस तू?" मी उठून कूलरमध्ये पाणी टाकलं. तेराव्या दिवशी ती आपण होऊन उठली, केस विंचरले आणि भाकर मागितली.

आता महिन्यातून दोन-तीनदा दुखतं. अंधाऱ्या खोलीत झोपते, कधी डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी घेते. घरात सगळे म्हणतात, अकोल्याच्या डॉक्टरांचं औषध लागू पडलं. मीही म्हणते. त्यांनी औषध काढून घेतलं होतं, हे आम्हा दोघींशिवाय कोणाला ठाऊक नाही.

परवा मी तिची वेणी घालत होते. ती म्हणाली, "मम्मी, गोळीनंच दुखत होतं तर तू देत काहून होती?" मी रिबीन बांधता बांधता म्हणाले, "आधीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं." ती "हं" म्हणाली आणि खेळायला गेली.

कोणत्याच डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. हे तिला सांगायचं आहे. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही आता रागावू शकत नाही.