सावरगावच्या दगडाची गाठ

पांढुर्णा,
गुरुवार

सावरगावचे मोरेश्वरराव साळेबुवा यांस, नदीच्या अलीकडून तुमच्या भाऊजी पुंडलिकचा रामराम. तुमचा गुडघा, कपाशी आणि सुधावहिनी बऱ्या असतील.

इकडे मी खुशाल असं लिहिणार होतो, पण नागपूरच्या डॉक्टरने तशी सोय ठेवली नाही. माझ्या मानेची गाठ तुम्हाला ठाऊकच आहे (तुम्हाला नाही तर कोणाला; गोटमारीच्या जत्रेत नदीपलीकडून तुम्ही भिरकावलेल्या दगडाची ती निशाणी, म्हणून तर दर बहराला तुमची संत्र्यांची टोपली येते). ती धडधडते, म्हणून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीला आलेल्या पाहुण्यांना मी तिच्यावर बोट ठेवू देतो. शेजारच्या लीलाबाई चंडीमातेची भभूत लावून शेकून देतात. यंदा घास अडकू लागला, म्हणून सूनबाई सोनालीने नागपूरला नेलं.

डॉक्टरने फोटो काढले आणि आणखी दोन डॉक्टर बोलावले. मला वाटलं, गोटमारीचा किस्सा ऐकायला आले. मी दोन्ही काठांवरून होणारी दगडफेक, नदीतला झेंडा पळवायची चढाओढ, तुमचा नेम, सारं सांगून राहिलो होतो, तर तो म्हणाला, बाबा, ही दगडाची गाठ नाही. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या नळीला जिथे फाटा फुटतो, तिथे रक्तवाहिन्यांचा गोळा वाढला आहे. लाखांत एखाद्याला होतो. चोळायचा नाही, शेकायचा नाही, कोणाला हात लावू द्यायचा नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं. निम्म्या पांढुर्ण्याने त्याला बोट लावलं आहे.

तरी मी म्हटलं, दगड इथेच लागला होता. तर सोबत आलेली तुमची बहीण पंचफुला डॉक्टरसमोर म्हणते, "दगड डाव्या कानामागं लागला होता, हळद मीनंच भरली. गाठ त उजवीकडं हाये."

मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, विचारलं.

"माहेरची संत्री येऊन राहिली होती. कायले बोलू?"

मोरेश्वरराव, गाठीपेक्षा हा धक्का मोठा. ऑपरेशन करावंच लागेल. रक्त फार जातं, आवाजही बसू शकतो म्हणतात (यावर पंचफुला काही बोलली नाही, तेही मी पाहिलं).

तुमचा,
पुंडलिक

ता. क. रक्त लागणार आहे. तुमच्या मयूरचा गट माझाच आहे, त्याला पाठवा. सावरगावने आमचं पुष्कळ सांडलं, थोडं परत येऊ द्या.

ता. क. तुम्हीही या. मी घाबरलेलो नाही. पण आत नेताना दाराशी तुम्ही दिसलात तर बरं.

ता. क. गाठ गेल्यावर गोटमारीत दाखवायला टाकेच उरतील. ते तुमच्या दगडाचे म्हणून सांगणार आहे. नाही म्हणू नका, आणि टोपली चालू ठेवा.