हातावरचं पाणी

गारिकाईदादा,

हे तुला पाठवणार नाही.

आपल्यात जेवणाआधी हातावर पाणी घालायचं ते धाकट्यांनी. गोऱ्यांविरुद्धच्या लढाईत, जंगलात, तू कमांडर असून सगळ्यांच्या हातावर घालायचास. "इथं कुणी साहेब नाही," म्हणायचास. पोरं त्यावरच जीव टाकायची.

परवा मंत्री होऊन हरारेहून गावी आलास. तुझा माणूस आईवर खेकसला, "ए म्हातारे, आधी साहेबांना!" तू फोनवर बोलत हात पुढे केलास. कोण पाणी घालतंय, पाहिलंही नाहीस.

मला रागसुद्धा आला नाही.

पाणी नदीवरचं होतं. विहीर गोऱ्याच्या कुंपणात होती, तेव्हाही आई नदीवरूनच आणायची. कुंपण तेच आहे, दादा. पाटीवर आता आपलं आडनाव आहे.

तुझी धाकटी,
न्याराझो