रफिकभाईंनी सोडलेलं पिल्लू

९ डिसेंबर, मंगळवार. धाड गाव.

१. पाळलेला बॉल पायथन, म्हणजे छोटा परदेशी अजगर, रविवारी मीच नाल्याकाठी सोडला. त्याची वनखात्याकडे नोंदणी केली नव्हती. कुणी तक्रार करील अशी भीती वाटली.
२. काल तो कुणाच्या तरी कपाशीत सापडला.
३. सर्पमित्र रफिकभाईंनी त्याला इथल्या अजगराचं पिल्लू समजून जंगलात सोडलं.

आज सकाळी रफिकभाई दवाखान्यात आले ते खुशीतच. "मॅडम, लय गरीब पिल्लू! चावलं नाही, हातातच गोळा होऊन बसलं. लोकं मारून राह्यले होते त्याले."

मी म्हणाले, "छान केलंत."

मी जनावरांची डॉक्टर. साप आफ्रिकेतला आहे, पेटीत त्याला एकतीस अंश लागायचे. इथे पहाटे अकरा. शिकार कधी केलेली नाही, उंदीर मी चिमट्याने भरवायचे. उन्हाळ्यात जगला असता का? कदाचित. पण अकरा अंशांत? आणि त्याचा एखादा रोग जंगलातल्या अजगरांना लागला तर? हे सगळं रविवारीही माहीत होतं. तरी सोडला.

आत्ता रफिकभाईंना पाठवलेला निरोप:

"तो साप माझा होता, परदेशी आहे. सकाळी मी तुमच्यापासून लपवलं. नेमका कुठे सोडला, ते उद्या बुधवारी सकाळी आठपर्यंत कळवा, त्याला शोधून परत आणायचंय."