ओट्याची सागवानी फळी

१२ जानेवारी
स्वयंपाकाच्या ओट्यावरची फळी घासायला काढली. सागवान, पाच फूट. मी शाळेतून रिटायर झालो त्या वर्षी मंगरू सुताराने बसवली होती. आता हळदीचे डाग, सुरीच्या खाचा, गरम भांड्याचे काळे चट्टे. मंजू फोनवर म्हणाली — ‘बाबा, ग्रॅनाइट टाका न!’ लेक सुरतेत राहते, तिला सगळं बदलता येतं. मी नाही म्हटलं.
बायकोचं, जमुनाचं, वेगळंच. ‘जसा आहे तसा राहू द्या न जी. कायले घासून राहिले?’

१३ जानेवारी
ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, मग एकशेवीस. शेगडीजवळच्या तीन खाचा खोल होत्या. तासभर घासल्या. गेल्या! जमुना दारात उभी होती.

१५ जानेवारी
मंगरूने बजावलंय — वार्निश नको, जेवणात उतरते. जवसाचं तेल, पातळ हात, फडक्याने पुसून घ्यायचं. पहिला हात दिला. शेगडी पडवीत. भात करपला. जमुनाचं लक्ष नसतं हल्ली.

१८ जानेवारी
दुसरा हात. भात पुन्हा करपला.

२६ जानेवारी
तिसरा हात देऊन चार दिवस झाले. वाळलं. पाण्याचा थेंब वर उभा राहतो, आत जात नाही. शेगडी जागेवर ठेवली.
‘पाह्य, ओटा कसा झाला?’ जमुनाला विचारलं.
तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत तळवा फिरवला. दोनदा. ‘गुळगुळीत झाला,’ म्हणाली.

२७ जानेवारी
चहात मीठ. मग तापलेल्या तव्यावर सरळ हात ठेवला तिने! मी ओरडलो — ‘दिसत नाही का तुले?’
‘नाही,’ म्हणाली.

२८ जानेवारी
तिचा डावा डोळा पूर्ण गेलाय. उजव्याने भोकातून पाहिल्यासारखं. दोन वर्षं झाली. बाहेर जाताना माझा दंड धरायची, मला वाटायचं गुडघे दुखतात.
बोटांना तीन खाचा लागल्या म्हणजे तिथून शेगडी सुरू. काळा चट्टा म्हणजे मिठाची बरणी. सगळा ओटा तिच्या बोटांत होता.
‘तुमी पुसून टाकला,’ एवढंच म्हणाली. रागाने नाही.
सांगितलं काऊन नाही?
‘मंजू घेऊन गेली असती मले सुरतले. तिथं माहा काय आहे? इथं सैपाक त होते.’
पोळलेल्या हाताला मलम लावलं. फोड आलाय.

३० जानेवारी
गोंदियाला डॉक्टरकडे. काचबिंदू. गेलेली नजर येत नाही. उजव्या डोळ्यात आहे तेवढी टिकवायची, रोज थेंब घालून. मी पंचाहत्तरीचा. माझ्यामागे थेंब कोण घालणार?
परतताना गाडीत तिने विचारलं, ‘मंजूले सांगान का?’
नाही म्हणालो.
आमच्या आमगावला उतरलो. जेवून ती आडवी झाली. मी अंगणात जाऊन मंजूला फोन लावला. परवा येते म्हणाली.