मापाचं ब्लाऊज

कोरुटला,
१४ सप्टेंबर

प्रिय गंगामणी अक्का,

सत्तव्वाचा नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या घराचं कुलूप जागेवर आहे. दारापुढे राजव्वा सडा घालते आणि त्याची जाहिरात अख्ख्या गल्लीत करते. माळावर तरवड पिवळाधमक फुललाय. बिड्यांची पानं मात्र यंदाही फाटकीच येतात, बाया रोज मुकादमाच्या नावानं बोटं मोडतात. भावाकडे तुझं कसं चाललंय? हात अजून सुजतो का?

हे पत्र सुजाता घेऊन येईल. ती निजामाबादची. तिचंही तुझ्यासारखंच छातीचं ऑपरेशन झालंय. आता ती गावोगाव अशा बायकांना भेटते, हाताचे व्यायाम शिकवते, नाहीतर नुसतीच सोबत बसते. गेल्या महिन्यात ती दुकानात आली आणि तिनं मशीनवर मोहरी भरलेली एक छोटी कापडी उशी ठेवली.

म्हणाली, "अशा शिवून द्याल का? नुसतं कापड कोंबलं तर टिकत नाही. वजन लागतं, नाहीतर ब्लाऊज वर चढतं."

"देईन की, त्यात काय!"

"ऑपरेशन झालेल्या बाया येतात ना तुमच्याकडे? त्यांचं माप कसं घेता?"

अक्का, मी सुईत दोरा ओवायला लागले. दोरा आधीच ओवलेला होता.

गेल्या वर्षी बतुकम्माच्या सणाआधी तू स्वतः आली होतीस. "सत्ते, या खेपेला नवं माप घे गं," म्हणालीस. पदरही सैल केला होतास. आणि मी म्हटलं, "कशाला? तुझं मापाचं ब्लाऊज आहे ना माझ्याकडे, दहा वर्षांपासून!" दुकानात गर्दी होती, असं मी नंतर स्वतःला सांगत राहिले. गर्दी कसली! तू एकटीच होतीस. तिथे टेप लावायची मला भीती वाटली. तुझ्या ऑपरेशनसाठी वर्गणी काढताना मीच सगळ्यांच्या पुढे होते, आणि तेही गल्लीभर सांगत फिरले होते. लाज वाटते गं.

मग मी तुझ्या जुन्या, भरल्या अंगाच्या मापानं शिवलं. ते घालून, आत बोळा कोंबून तू बतुकम्माच्या फुलांभोवतीच्या फेरात आलीस. टाळीला वाकलीस आणि बोळा खाली पडला. माझ्याच दुकानातली हिरवी चिंधी, मी लगेच ओळखली. राजव्वाची सून फिसकन हसली. तिच्या नावानं मी वर्षभर खडे फोडलेत.

पण बोळा माझ्या पायाशी पडला होता, अक्का. मी तो ओलांडला आणि टाळ्या वाजवत, गाणं म्हणत पुढे गेले. तू मागे वळून तो उचललास आणि माझ्याकडे पाहिलंस. मी फुलांकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी तू गाव सोडलंस.

त्यानंतर दोनदा मी तुझ्या भावाच्या गावी आले होते. दोन्ही वेळा स्टँडवर चहा प्यायले आणि त्याच बसनं परतले. एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते, हे तुला माहीतच आहे.

तुझं मापाचं ब्लाऊज काल मी उसवलं. सोबत शिवलेलं काही पाठवत नाही, नुसतं कापड आहे, तुझ्या आवडीचं मोरपंखी. तुझं नवं माप घेतल्याशिवाय त्याला कात्री लागणार नाही. फेरात यायचं नसेल तर नको येऊस, पण दुकानात ये. मी दार लावून घेईन. शिव्या घालायच्या असतील तर आधी त्या घाल, मग माप घेऊ. कापड परत पाठवलंस, तरी मला बोलायला तोंड नाही.

पण फेरात आलीसच, तर मी तुझ्या शेजारी असेन. काही पडलं, तर तुझ्याआधी माझा हात जमिनीला लागेल.

वाकायला वर्षभर उशीर केलेली,
तुझी सत्तव्वा